सूत्रावतीचे कोरे जोडे

सूत्रावती नगरीवर अंशुदत्त राजाचे छत्र होते, त्या काळची ही गोष्ट. त्या जन्मी बोधिसत्त्व एका कापडव्यापाऱ्याच्या घरी आला होता आणि सोमिल श्रेष्ठी या नावाने ओळखला जात होता.

सूत्रावती ही विणकरांची नगरी. तिथले कापड इतके तलम असे की, एकदा एका परदेशी दूताने नजराण्यात मिळालेले वस्त्र अंगावर घेतले आणि ते कुठे हरवले म्हणून संध्याकाळपर्यंत नोकरांना धारेवर धरले. विणकर दिवसभर खड्ड्यातल्या मागावर बसत. हात धोट्यावर, आणि पाय खाली खड्ड्याच्या सावलीत, मागाच्या पावड्या दाबत. त्यामुळे त्यांचे तळवे कानाच्या पाळीसारखे मऊ झाले होते. नगरीतला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे घरापासून विहिरीपर्यंतचा, आणि तोही लांब पडतो अशी तक्रार दरवर्षी राजाकडे जाई.

या लोकांत एक रीत होती. लग्नात प्रत्येक नवराबायकोला चामड्याचे कोरे जोडे मिळत. ते घालायचे नसत, खुंटीला टांगून ठेवायचे असत. माणूस नगरी कायमची सोडून निघाला, म्हणजे अर्थातच मेला, की त्याचे पाय केशराच्या पाण्याने धूत आणि ते ओले असतानाच त्यांत हे जोडे चढवून त्याला स्मशानात नेत. यांना प्रयाणाचे जोडे म्हणत. जोडे चावले अशी तक्रार आजवर कोणी केली नव्हती.

एका उन्हाळ्यात धरणी हादरली. वरच्या डोंगरात कुठेशी कडा खचला आणि नगरीजवळून वाहणारी नदी भलत्याच दरीत वळली. थोड्याच दिवसांत विहिरींचे तळ दिसू लागले. अंशुदत्त राजा सर्वांत आधी निघाला. प्रजेला वाट दाखवण्यासाठी आपण पुढे जात आहोत, अशी दवंडी त्याने पिटवली, आणि वाट नीट दाखवता यावी म्हणून नगरीतले सगळे बैल, घोडे आणि गाड्या बरोबर नेल्या.

राजाची गाडीवाट पठाराला मोठा वळसा घालून वेत्रा नदीकडे जात होती. पायी माणूस त्या वाटेने गेला असता तर अर्ध्यातच तहानेने संपला असता. जवळची वाट थेट पठारावरून होती. काळा दगड, ना झाड ना झरा, आणि पलीकडे उतरले की वेत्रा नदी. त्या वाटेला फाटे इतके की नवखा माणूस फिरून फिरून आपल्याच पावलांपाशी येई. ती वाट बोधिसत्त्वाला ठाऊक होती. कापडाचे गठ्ठे घेऊन तो कैक वेळा पायी पलीकडे गेला होता.

मागे उरलेल्यांचा पुढारी झाला विणकरांचा मुख्य दंडक. उंच, ताठ, मोजके बोलणारा म्हातारा. त्याचा मुलगा राजाच्या गाड्या हाकायला नेला गेला होता, आणि घरात सून चंपिका तेवढी राहिली होती. हाती लागले ते शेवटचे पाणी दंडकाने मडक्यांत भरून घेतले आणि वेशीजवळ सर्वांना थांबवून नियम सांगितला.

"हे पाणी चालणाऱ्याला पुरेल, थांबणाऱ्याला पुरणार नाही. वाटेत जो बसेल, त्याच्याजवळ पाण्याचे एक बुडकुले ठेवू आणि पुढे जाऊ. मग तो कोणी का असेना."

लाखेने तोंडे बंद केलेली छोटी बुडकुली त्याने दाखवली आणि आपल्याच कावडीत रचली. ते ओझे त्याला दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर द्यायचे नव्हते. लोकांनी माना हलवल्या. भ्यालेल्या माणसाला कडक नियम फार बरा वाटतो, कारण तो आपल्याला नाही, शेजाऱ्याला लागणार आहे असेच त्याला वाटत असते.

मग जोडे निघाले. नगरी कायमची सोडायची होती, तेव्हा रीत टाळून कसे चालेल? प्यायला पाणी नव्हते, पण पाय धुण्यापुरते केशराचे पाणी प्रत्येक घराने राखून ठेवले होते. ओल्या पायांवर कोरे, वाळून लाकडासारखे झालेले जोडे ओढले गेले.

"सोमिला, तुझे जोडे कुठे आहेत?" दंडकाने विचारले.

"पायांतच आहेत की, दंडकबाबा," बोधिसत्त्व म्हणाला. त्याच्या पायांत जुन्या, झिजून पावलाचाच आकार घेतलेल्या वहाणा होत्या.

"हे घालून तू प्रयाण करणार?"

"प्रयाणाचे जोडे घालणारा चालत नाही, बाबा. त्याला चौघे उचलतात. आपल्याला चालायचे आहे. माझे ऐका, पाय कोरडे करा, हे जोडे टाका. घरातल्या जुन्या वहाणा घाला. त्या नसतील तर पायांना कापड गुंडाळा."

एकदोघे हसले. दंडक हसला नाही. "ज्याच्या पायांत प्रयाणाचे जोडे नाहीत," तो म्हणाला, "त्याला सामाईक पाण्यातला घोट नाही."

बोधिसत्त्वाने सूर्याकडे पाहिले. वाद घालत बसले तर सकाळचा गारवा वेशीतच संपणार होता. त्याने मुकाट्याने आपले कोरे जोडे घातले. एका म्हाताऱ्या कातकऱ्याचे, म्हणजे सूत कातणाऱ्याचे, प्रयाणाचे जोडे उंदरांनी खाल्ले होते आणि तो रडत बसला होता. उंदरांच्या अपराधाची शिक्षा त्याला नको, असे दंडकाला पटवून बोधिसत्त्वाने आपल्या जुन्या वहाणा त्याच्या पायांत घातल्या. त्या दिवशी नगरीतून निघालेल्यांत तोच सर्वांत नशीबवान होता, पण हे त्याला दुपारपर्यंत कळले नाही.

बोधिसत्त्वाच्या पाठीवर एक लांबट गाठोडे होते. वेत्रेपलीकडच्या राजाच्या अभिषेकासाठी विणलेले वस्त्र त्यात होते. ते दंडकाने विणले होते. कैक पावसाळे त्याने त्यावर घालवले होते, आणि त्या काळात तो माणसांशी बोलायचाही विसरला, असे चंपिका म्हणे. ते वस्त्र पोचवले की बोधिसत्त्वाची पेढी नव्या गावात उभी राहणार होती. बाकी सारे मागे राहिले होते, एवढाच त्याच्या संसाराला आधार होता.

चढ संपेपर्यंत सगळे ठीक चालले. पठारावर ऊन चढले, दगड तापला, जोड्यांतले केशराचे पाणी कोमट झाले, आणि जोडे चावू लागले. आधी टाचेला नुसती धग लागते. मग तिथे कोणीतरी निखारा धरला आहे असे वाटते. त्या वेळी थांबले तर पाय वाचतो. पण थांबला तो मागे राहिला, असा नियम होता. म्हणून कोणी लंगडेना. लंगडतो आहे असे दिसू नये म्हणून लोक जास्तच ताठ चालू लागले, आणि दुखते आहे असे वाटू नये म्हणून हसू लागले. सूत्रावतीचे लोक इतके हसतमुख यापूर्वी कधी दिसले नव्हते. पिंगल नावाचा रंगारी तर गाऊ लागला, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याचा सूर अकारण वर जाई.

बाया एकमेकींच्या पावलांकडे तिरक्या नजरेने पाहत होत्या. नवरे बायकांना कुजबुजत विचारत होते, "तुझे बरे आहे ना?" आणि उत्तर ऐकायला थांबत नव्हते.

दुपारी एका कड्याच्या सावलीत सगळे टेकले. बोधिसत्त्व म्हणाला, "जोडे काढा. घडीभर पाय वाऱ्यावर सुकू द्या."

"कशाला?" दंडक म्हणाला. तो कावड खांद्यावर घेऊन उभाच होता. "कोणाचे काही दुखते आहे का?"

"छे," सगळे एकदम म्हणाले.

"माझे पाय तर इतके मजेत आहेत," पिंगल म्हणाला, "की जोड्यांतून काढले तर रुसून बसतील."

चंपिका पदराचे टोक दातांत धरून बसली होती. बोधिसत्त्वाने तिच्याकडे पाहिले आणि मग दंडकाच्या पावलांकडे. म्हातारा उजवे पाऊल बाहेरच्या कडेवर टेकवत होता. टाच जमिनीला लागताच त्याचा जबडा आवळत होता.

बोधिसत्त्वाने तांड्यांबरोबर चालताना हे पाहिले होते. आजची धग उद्याचा फोड होते, फोड फुटतो, कातडे निघते, आणि मग माणूस खरोखरच बसतो. तसे बसलेले त्याने या पठारावर पाहिले होते. हाडे राहिली होती, जोडे तसेच पायांत होते. आत्ता कोणाचे नाव घेतले तर नियम त्या बिचाऱ्याला लागणार. गप्प राहिले तर उद्या निम्मी नगरी रस्त्यावर बसलेली असणार, आणि तेवढी बुडकुली दंडकाच्या कावडीत नव्हती.

पुन्हा चाल सुरू झाली. थोडे अंतर गेल्यावर बोधिसत्त्व वाटेच्या मधोमध बसला.

सगळी रांग थबकली. दंडक मागे वळून आला.

"काय झाले, सोमिला?"

"माझी टाच जळते आहे, बाबा," बोधिसत्त्व म्हणाला आणि सर्वांदेखत जोडा काढू लागला.

हे खोटे नव्हते. त्याची टाच लालबुंद झाली होती. फक्त तेवढे सांगण्याचे धाडस सकाळपासून कोणी केले नव्हते.

"ऊठ," दंडक हलक्या आवाजात म्हणाला. "सगळे पाहत आहेत."

"पाहू देत. त्यासाठीच बसलो."

"नियम ठाऊक आहे ना तुला?"

"आहे."

दंडकाने कावड उतरवली, एक बुडकुले काढले आणि बोधिसत्त्वाजवळ ठेवले.

"दंडकबाबा," पिंगल म्हणाला, "हा आपला वाटाड्या आहे. याला सोडून गेलो तर वाट विचारायला परत याच्याकडेच यावे लागेल."

"चला," दंडक म्हणाला.

लोक निघाले. काही जण मान वळवून पाहत होते, काहींनी वळवायचे टाळले. बोधिसत्त्वाने त्यांच्याकडे पाहिले नाही. त्याने पाय वाऱ्यावर सुकवला, बोटांच्या मधली वाळू झटकली, आपल्या पंच्याची एक पट्टी फाडून लाल झालेल्या जागेवर सुरकुती न पडता बसवली, तिच्यावरून दुसरी पट्टी गुंडाळली. मग जोड्याची टाच दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने ठोकून ठोकून मऊ केली. हे सारे झाल्यावर त्याने जोडा घातला, बुडकुले उचलले आणि झपझप चालू लागला.

पुढे वाटेला तीन फाटे फुटले होते. तिथे सगळी नगरी उभी होती. तिन्ही वाटा सारख्याच काळ्या, सारख्याच तापलेल्या. कोणी डावी म्हणत होते, कोणी उजवी. पिंगल मधली म्हणत होता, कारण ती दोघांच्याही मधे होती. तेवढ्यात मागून पावले वाजली. बसलेला माणूस चालत येत होता, आणि त्या सगळ्यांपेक्षा सरळ चालत होता.

तो दंडकापाशी आला आणि न उघडलेले बुडकुले त्याच्या कावडीत परत ठेवले.

"उजवी वाट," तो म्हणाला.

कोणी हलले नाही. मग चंपिका खाली बसली. तिने दोन्ही जोडे ओढून काढले आणि तोंडावरचा पदर बाजूला केला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"माझ्या दोन्ही टाचा सकाळपासून पेटल्या आहेत," ती म्हणाली. "मामंजी, माझे बुडकुले काढून ठेवा. पण आधी मला श्रेष्ठींकडून हे शिकू द्या."

तिच्यामागून दंडक आणि म्हातारा कातणारा सोडून सगळेच बसले. पिंगलने जोडा काढला तेव्हा त्यातून मूठभर खडे पडले. "तरीच मी एवढा चांगला गात होतो," तो म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा लोक खरे हसले.

आता पट्ट्यांसाठी कापड हवे होते. घोंगड्या होत्या, पण घोंगडी कातड्याला लागली तर आगीत तेल. आत तलम कापड हवे, वरून जाड. म्हणजे घासायचे ते कापडाने कापडाला घासावे आणि कातड्याला त्याचा पत्ता लागू नये. बोधिसत्त्वाने पाठीवरचे गाठोडे सोडले.

"ते नको," दंडक म्हणाला. त्याचा आवाज कोणी असा कधी ऐकला नव्हता.

"बाबा, याच्याएवढे मऊ इथे काही नाही."

"ते राजाच्या अंगावर जायचे आहे. माझी दृष्टी गेली आहे त्यात."

"मलाही ते पोचवायचे होते," बोधिसत्त्व म्हणाला. "पण हे पोचले आणि माणसे पोचली नाहीत, तर त्या राजाला काय सांगू?"

त्याने वस्त्राच्या काठाला दात लावला. फाटताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की जणू कोणी श्वास सोडला. दंडकाने तोंड फिरवले.

बोधिसत्त्व एकेकाच्या पायाशी बसत गेला. चंपिकेच्या टाचेवर वाटाण्याएवढा फोड होता. ती कोणाकडून मागून घेतलेली सुई हातात धरून तयार होती.

"फोडू नका, वहिनी," तो म्हणाला. "लहान आहे, त्याला तसाच राहू द्या. वरचे कातडे हेच त्याचे पांघरूण." त्याने कापडाची लहान चुंबळ केली, डोक्यावर घागर घेताना करतात तशी, आणि फोड तिच्या मधल्या भोकात राहील अशी बसवली. वरून पट्टी बांधली. भार चुंबळीवर आला, फोड मोकळा राहिला.

पिंगलच्या तळव्यावरचा फोड मोठा आणि तट्ट फुगलेला होता. त्यावर पाऊल टेकवणे शक्य नव्हते. बोधिसत्त्वाने बरोबर आणलेल्या राखेने हात चोळून स्वच्छ केले, चकमकीने काडी पेटवली, सुई लाल होईपर्यंत तापवली, गार होऊ दिली आणि फोडाच्या अगदी कडेला खालून टोचली. पाणी हळूच दाबून काढले. पिंगल सुटे कातडे ओढायला गेला, तसा त्याने त्याचा हात धरला.

"ते राहू दे. ते काढलेस तर खालचे मांस उघडे पडेल, आणि मग तुला खरेच गावे लागेल."

वर शिदोरीतल्या मधाचा थेंब, त्यावर तलम पट्टी, त्यावर घोंगडीची पट्टी. कोणाच्या जोड्यांच्या टाचा कापल्या, कोणाचे जोडे ठोकून मऊ केले, बोटांच्या मधे तुपाचे बोट फिरवले. त्याने सर्वांना एकच बजावले, की जरा कुठे ऊन ऊन लागले तर तेव्हाच हाक मारायची, दुखायची वाट पाहायची नाही.

या सगळ्यात दंडक कावड खांद्यावर घेऊन उभा होता.

"बाबा, आता तुम्ही," बोधिसत्त्व म्हणाला.

"मला काही झालेले नाही. आपला अर्धा प्रहर गेला. पाणी गेले." आणि तो उजव्या वाटेने चालू लागला.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पाणी खरेच गेले होते. त्या संध्याकाळी मडकी हलवून पाहिली तर पाणी तळाशी वाजत होते. थांबलो ते चुकले की काय, असे कुजबुजणे सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी उतार लागला. उताराला पाऊल जोड्यात पुढे सरकते आणि सगळा भार बोटांवर येतो. बांधलेले पाय बोधिसत्त्वाने पुन्हा तपासले, सैल पट्ट्या आवळल्या. दंडक पुढेच होता. एका वळणावर तो थांबला, कावड सावकाश खाली ठेवली आणि बाजूच्या दगडावर कोसळला.

बोधिसत्त्वाने त्याचे जोडे काढले तेव्हा चंपिकेने डोळे मिटले. दोन्ही टाचा उघड्या मांसाच्या झाल्या होत्या. फुटलेल्या फोडांचे कातडे म्हाताऱ्याने काल आडोशाला जाऊन स्वतःच ओढून काढले होते आणि वरून पुन्हा तोच जोडा घातला होता.

"माझे बुडकुले द्या," दंडक म्हणाला. "आणि पुढे व्हा. नदी आता लांब नाही."

बुडकुले द्यायला कोणी पुढे झाले नाही.

"नियम मी केला. तो सोमिलाला लावला. मला लागायला हवा."

चंपिका त्याच्यासमोर बसली. "मामंजी," ती म्हणाली, "मागावर एक धागा विरायला लागला तर तुम्ही काय करता?"

"ही काय वेळ आहे विचारायची?"

"सांगा ना."

"माग थांबवतो. धागा सांधतो."

"का? बाकीचे धागे तर धडधाकट असतात."

दंडकाने कावडीकडे हात केला.

"घरात ताटे वाढून सासूबाई हाका मारायच्या, तरी धागा सांधल्याशिवाय तुम्ही उठत नव्हता. आणि काल दिवसभर तुटक्या धाग्यावर विणत राहिलात." ती जवळ सरकली. "नदीवर तुमचा लेक भेटेल. त्याला मी काय सांगू? तुझ्या बाबांना बुडकुले भरून दिले होते, असे सांगू?"

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग त्याने पाय पुढे केले.

बोधिसत्त्वाने कावडीतले एक बुडकुले उघडले. "हे तुमच्यासाठीच राखले होते ना, बाबा? मग ते तुमच्यासाठीच वापरतो." त्याने चार सुक्या काटक्यांवर थोडे पाणी मिठाची चिमूट घालून उकळले, निवू दिले आणि दोन्ही जखमांवरची घाण धुऊन काढली. दंडकाच्या कपाळावर घाम आला, पण तो हूं की चूं करीना. मध लावला. शेवटी वस्त्राचा उरलेला मधला भाग, जिथे सोनेरी फुले विणलेली नव्हती आणि पोत सर्वांत गुळगुळीत होता, तो त्याने पावलांभोवती गुंडाळला. जोड्यांच्या टाचा कापून टाकल्या आणि वहाणांसारखे ते पायांना बांधले.

दंडक उभा राहिला. एक पाऊल टाकले, मग दुसरे. तो आपल्या पायांकडे पाहत राहिला.

"जन्मभर विणले," तो म्हणाला. "अंगाला कसे लागते ते ठाऊक नव्हते."

"कसे लागते, बाबा?" पिंगलने विचारले. त्याने न सांगताच कावड आपल्या खांद्यावर घेतली होती.

"बरे आहे. विणीला एका जागी ताण जास्त झालाय."

आता ज्याचे पाय सर्वांत वाईट, त्याने पुढे चालायचे, असे बोधिसत्त्वाने ठरवले. म्हणजे कोणी मागे पडायचा प्रश्नच नाही. दंडक पुढे आणि त्याच्या संथ चालीमागे अख्खी नगरी. ते चालणे फार अवघड होते. पायांनी भरभर जाता येत असताना सावकाश जायचे, तहान लागलेली असताना थांबून कोणाची पट्टी नीट करायची, आणि डोक्यावरचे ऊन पुढे सरकताना पाहायचे. प्रत्येकाच्या मनात एकच होते, की या म्हाताऱ्यापायी आपण सगळे मरणार. पण ते कोणी बोलले नाही, कारण प्रत्येकाच्या पायात त्याच्याच विणीची पट्टी होती.

दुपार कलली तेव्हा शेवटचे मडके उताणे केले गेले. जिभा टाळूला चिकटल्या. नदी अजून दिसत नव्हती. कावडीतली बुडकुली मात्र भरलेली होती, आणि पिंगल चालताना ती एकमेकांवर आपटून वाजत होती. त्या आवाजाने लोकांचे डोळे पुन्हा पुन्हा तिकडे वळत होते.

दंडक थांबला. "उघड ती," तो म्हणाला.

"सगळी?" पिंगलने विचारले. "मग पुढे कोणी बसला तर त्याच्याजवळ काय ठेवायचे?"

"काही नाही," दंडक म्हणाला. "पुढे कोणी बसला तर आपण सगळे बसू."

लाख फोडली गेली. प्रत्येकाच्या वाट्याला घोट घोट आला. म्हाताऱ्याने आपला घोट सर्वांच्या शेवटी घेतला. त्यानंतर कोणाच्याही हाती पाणी नव्हते, आणि नवल असे की लोकांची चाल आता जास्त सैल, जास्त मोकळी झाली. कोणी टाच धरली की हाक जाई, दोन क्षण थांबत, पट्टी बसवत आणि पुढे निघत.

ऊन पिवळे पडले तेव्हा वाऱ्याला ओल्या मातीचा वास आला. चार पावलांवर कडा संपला आणि खाली वेत्रेचे पाणी दिसले. नगरीतले एकही माणूस मागे राहिले नव्हते. लोक धावत सुटले, पट्ट्या बांधलेल्या पायांनी, लंगडत, लाज न बाळगता.

दंडक धावला नाही. चंपिका त्याच्यासाठी थांबली होती. काठावर आल्यावर त्याने एका सपाट दगडाकडे पाहिले.

"मी जरा बसतो," तो म्हणाला.

"बसा, मामंजी," चंपिका म्हणाली आणि ओंजळीत पाणी आणायला गेली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. कठिनक नावाचा एक वडील भिक्षू दूरच्या चारिकेत, म्हणजे पायी भ्रमंतीत, पायाला झालेली जखम लपवून चालत राहिला होता. मागे पडणाऱ्या तरुणांना तो वाटेत बोल लावत असे, तेव्हा आपले दुखणे सांगणे त्याला कमीपणाचे वाटले. शेवटी ताप चढून तो पडला आणि भद्रिका नावाच्या उपासिकेने त्याला रागावून औषधपाणी केले. भिक्षू त्याबद्दल बोलत होते, तेव्हा शास्ते म्हणाले, "भिक्षूहो, कठिनकाने पाय लपवला तो आजच नाही."

मग त्यांनी जन्मांची सांगड घातली. त्या वेळचा दंडक तोच हा कठिनक. चंपिका तीच ही भद्रिका, जिची जीभ तेव्हाही वेळेवर चालली. रंगारी पिंगल म्हणजे तो भिक्षू, जो आत्ता कोपऱ्यात बसून हसू दाबतो आहे. अंशुदत्त राजा म्हणजे तो, जो भिक्षेची वेळ झाली की वाट दाखवण्यासाठी सर्वांच्या पुढे असतो, त्याचे नाव घेण्याची गरज नाही. "आणि सोमिल श्रेष्ठी तो मी होतो," असे शास्ते म्हणाले.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने वस्त्र दिले, ते दान होते. पण सर्वांच्या भल्यासाठी आपली जळती टाच आधी उघडी केली, ते सत्य होते. या कथेतील पारमिता, म्हणजे बोधिसत्त्व जन्मोजन्मी पूर्णत्वाला नेतो तो गुण, ती सत्याची, असे जाणावे.